मंगळवारी पुरलेली अळंबी

जुलै-ऑगस्टमधल्या दर मंगळवारी, ऊन दरीत उतरण्याआधी, एली व्हेर्न्योल स्वयंपाकघरातला एक जुना चमचा आणि फ्रीजरमधून काढलेल्या तीन-चार काळ्या अळंब्या घेऊन आपल्या ओकच्या राईत जाई आणि त्या तिथे पुरून येई. दहाच्या सुमारास तोच एली सुटीवर आलेल्या पाहुण्यांच्या घोळक्यापुढे त्याच राईत उभा राही. त्याची कुत्री मियेत जमीन हुंगत पुढे धावे, एखाद्या झाडाखाली थबके, पंजांनी माती उकरू लागे; मग एली गुडघे टेकून, अशी वस्तू आपण आयुष्यात प्रथमच पाहत आहोत अशा सावकाशीने, ती अळंबी बाहेर काढे. पाहुणे टाळ्या वाजवीत. टाळ्या वाजल्या की एलीचे कान लाल होत. पाहुण्यांना वाटे, उन्हाने झाले.

ही लबाडी होती काय, या प्रश्नाचा निकाल कोंबेत या फ्रेंच खेड्याने फार पूर्वीच लावून टाकला होता: नव्हती. ओकच्या मुळांशी, जमिनीच्या पोटात वाढणारी ती काळी अळंबी, जिला सारे जग ट्रफल म्हणून ओळखते, पिकते डिसेंबर ते फेब्रुवारीत. आणि सुटीवरची माणसे येतात उन्हाळ्यात. या दोघांची भेट घडवायची तर मध्ये कुणीतरी पडायलाच हवे. पर्यटन कचेरीच्या पत्रकात सोमवारी नदीतल्या होड्या, मंगळवारी एलीची राई, बुधवारी गुहा आणि गुरुवारी अक्रोडाच्या तेलाचा घाणा अशी आठवड्याची वाटणी छापलेली असे. हा कार्यक्रम जिच्या डोक्यातून निघाला, ती एलीची धाकटी बहीण नोएली. आईबापांच्या घराचा अर्धा भाग तिने पाहुण्यांना राहण्यासाठी सजवला होता, आणि एलीने कुरकुर केली की तिचे उत्तर तयार असे.

"घाण्यावरचा तो ऑगस्टात कुठले अक्रोड पिळतो रे? गेल्या वर्षीचेच ना? आणि गुहेतले दिवे काय आदिमानवानं लावलेत? तिथे कुणाचे कान लाल होत नाहीत. तुझेच बरे होतात!"

एलीने स्वतःपुरता एक नियम केला होता. आपण होऊन काही सांगायचे नाही. पण कुणी सरळ विचारले तर खोटे बोलायचे नाही. आठ उन्हाळे झाले, कुणी विचारलेच नव्हते. लोक कुत्रीचे वय विचारीत, अळंबी हुंगायला पूर्वीसारखी डुकरे का नाहीत म्हणून विचारीत, वास लसणासारखा की ओल्या सालीसारखा यावर नवरा-बायकोत वाद घालीत. पण ही इथे आली कशी, हा प्रश्न कुणाला पडत नसे. त्यामुळे एलीला एकाच वेळी सुटल्यासारखे वाटे आणि थोडे वाईटही वाटे.

हे वाईट वाटणे समजायचे तर त्याचा बाप आरिस्तीद याच्याविषयी थोडे सांगायला हवे. ही राई आरिस्तीदने लावली. ज्या झाडाखाली अळंबी निघत असे त्या झाडाचे फळ रुजवून, चुनखडीच्या त्या माळावर, जिथे मेंढ्यांनाही धड चरायला मिळत नाही. पुढे कित्येक हिवाळे राईने भरभरून दिले. पण कोणते झाड देते हे आरिस्तीदने कुणालाही कळू दिले नाही. अळंबी काढायला निघाला की तो आधी उलट दिशेने, चर्चच्या बाजूला चालू लागे. वाटेत कुणी भेटले तर "जरा पाय मोकळे करतो" म्हणे. मग टेकडीला वळसा घालून मागच्या बाजूने राईत शिरे. खड्डा बुजवून त्यावर वाळकी पाने अशी पसरी, की दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाच ओळखू येऊ नये. त्या भागातले सारेच असे वागत, आजही वागतात. परंतु आरिस्तीदने ही रीत टोकाला नेली. शेवटच्या आजारात एलीने हळूच विचारले, "बाबा, कुठली झाडं?" म्हाताऱ्याने बराच वेळ छताकडे पाहिले आणि म्हटले, "बघू. बरा झालो की दाखवतो."

तो बरा झाला नाही. एलीचे आयुष्य गावाच्या सडका दुरुस्त करण्यात, गटारे उपसण्यात आणि कडेचे गवत कापण्यात गेले. राईकडे लक्ष द्यायला तो मोकळा झाला, तोवर कोरड्या उन्हाळ्यांची रांग लागून गेली होती. मियेतला त्याने पिल्लू असल्यापासून शिकवले. हिवाळ्यांमागून हिवाळे तो तिला झाडाझाडाखाली फिरवीत राहिला. काही निघाले नाही. ज्या राईत बापाने पोटच्या मुलालाही नेले नाही, तिथे आता रंगीबेरंगी टोप्या आणि सपाता घातलेली माणसे दर आठवड्याला येत होती आणि अळंबी मात्र शेजारच्या गावच्या बाजारातून आणलेली असे, वाटाण्याच्या पिशवीखाली गोठवून ठेवलेली.

त्या वर्षी नोएलीने विषय काढला. रस्त्याकडेची एक ओळ कार्यक्रमापुरती ठेवावी. मागची सारी झाडे तोडून सरपण करावे, आणि त्या जागी लव्हेंडर लावावे.

"लव्हेंडर?" एली म्हणाला. "ते इथलं नव्हेच मुळी. ते तिकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला."

"पाहुण्यांना कुठे ठाऊक आहे? फोटो काढायला जांभळं काहीतरी लागतं त्यांना. दरवर्षी विचारतात."

"बाबांनी लावलीत ती झाडं."

"बाबांनी लावली, बाबांनी खाल्ली, आणि बाबा गुपित घेऊन गेले. तुला काय दिलं रे त्या झाडांनी? सांग की."

लाकूडतोड्या फुल्बेर याला शब्द देऊन झाला: नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या सणाची फुले कबरींवर ठेवून झाली की, करवत घेऊन यायचे. ऑगस्टभर एली राईत गेला की झाडांकडे न पाहता जमिनीकडे पाही.

ऑगस्टच्या मध्यावर एक वादळी पाऊस झाला. त्यानंतरच्या मंगळवारी नेहमीप्रमाणे घोळका जमला. त्यात टिनेके नावाची एक डच बाई होती; नदीकाठच्या तळावर तंबू ठोकून राहिलेली, उंच, मोठ्या पावलांची. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फुलांचे कंद पिकवीत. तिची फ्रेंच अडखळती होती, म्हणून ती कमी बोले आणि जास्त पाही. पहिली अळंबी निघाली तेव्हा इतर सारे अळंबीवर वाकले. ती एकटी खड्ड्यावर वाकली, तिथली माती चिमटीत घेतली, चुरली, आणि हात झटकून उभी राहिली. एलीने ते पाहिले. त्याचे कान टाळ्यांच्या आधीच लाल झाले.

पुरलेल्या साऱ्या अळंब्या सापडल्या. आता राईच्या टोकाच्या मोठ्या ओककडे जायचे. त्याची सावली दाट होती, म्हणून कार्यक्रमाचा शेवट नेहमी तिथे होई: एली बादलीत अळंब्या ब्रशने धुई, पाणी झाडाच्या बुंध्याशी ओती, नोएली साली काढून तिथेच टाकी आणि घरातून अंड्याचे गरम पोळे आणी. झाडाखाली मोठे वर्तुळभर गवत उगवत नसे. इतकी माणसे दर आठवड्याला तिथे उभी राहतात, तर गवत कुठून उगवणार, असे एली म्हणे.

मियेत घोळक्याच्या पुढे तिथे पोहोचली होती. ती उकरत नव्हती. बुंध्यापासून थोड्या अंतरावर, मागच्या दगडी बांधाजवळ, ती पोटावर पसरली होती आणि तिचे नाक जमिनीला चिकटले होते.

"मियेत! चल इकडे."

ती हलली नाही.

"अगं ए, संपलं सगळं. ये!" तरीही ती हलेना, तेव्हा एलीने जाऊन गळपट्टा धरला आणि तिला ओढले. चारही पाय रोवून ती मागे रेटत राहिली. पाहुणे हसले. एली ओशाळून म्हणाला, "ऊन लागलंय हिला. तिथे काही नाही."

"माफ करा," टिनेके मागून म्हणाली. शब्द ती एकेक उचलून ठेवीत होती. "तिथे काही नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

प्रश्न सरळ होता. आठ उन्हाळे ज्याची वाट पाहिली तो नव्हे, त्याच्या शेजारचा. पण नियमात बसणाराच. एलीच्या हातात गळपट्टा तसाच राहिला.

"कारण," तो म्हणाला, "तिथे मी पुरलेलं नाही."

उत्तरेतल्या लील शहराहून आलेले एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "म्हणजे बाकीच्या तुम्हीच पुरल्या होत्या?"

"हो, साहेब. सकाळी."

"मग टाळ्या आम्ही कशाला वाजवल्या?"

"कुत्रीसाठी वाजवल्यात, साहेब. कुठे पुरल्यात ते तिला नाही सांगितलं मी."

एक बाई आधी हसली, मग तिचा नवरा, आणि लीलच्या गृहस्थांचा अपवाद सोडता सारेच. एलीला ते हसणे नीट ऐकू आले नाही. आपण काय बोललो याचा अर्थ त्याला आत्ता लागत होता. तिथे त्याने काही पुरले नव्हते. मग ही बया कशावर नाक ठेवून बसली होती?

त्याने गळपट्टा सोडला. मियेत थेट पूर्वीच्याच जागी जाऊन पसरली. एली तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. या वेळी सावकाशी मुद्दाम आणलेली नव्हती. कुत्रीच्या नाकाखाली जमिनीला एक भेग होती, कोंबडीच्या पावलाएवढी, तशीच तीन बोटांची. पावसानंतर चुनखडीची माती वाळते तेव्हा भेगा पडतातच. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण त्याला आईची आठवण झाली. ऑगस्टात अशा भेगा शोधीत ती माहेरच्या माळावर फिरे, त्यांत चारदोन सातूचे दाणे टाकून वर मूठभर माती लोटी. पोराने विचारले तर म्हणे, "पाखरांसाठी." खाली अळंबी फुगली की वर अशी भेग पडते आणि उगवलेले सातू ती जागा हिवाळ्यापर्यंत दाखवीत राहतात, हे त्याला फार पुढे कळले होते.

"सगळे जरा मागे सरा," तो म्हणाला. "हो, तुम्हीसुद्धा, साहेब."

त्याने त्या उजाड वर्तुळाकडे पाहिले. बापाच्या पिढीत अशा जागेला जळीत म्हणत. अळंबी खाली पसरली की वरचे गवत मरते. हे जळीत असेल, किंवा सपातांनी तुडवलेली माती असेल. त्याने कडेकडेने नजर फिरवली. वर्तुळ दगडी बांधापाशी येऊन थांबत होते. एली उठला, बांधावर हात टेकून पलीकडे वाकला. तिकडे काटेरी झुडपे होती. पाहुणा तर सोडाच, त्याने स्वतः त्या बाजूला कित्येक वर्षे पाऊल टाकले नव्हते. आणि बांधाच्या पलीकडे, झुडपे सुरू होण्याआधी, वर्तुळ पुढे चालू होते: कमानीसारखे, गवताची काडी नसलेले.

तो तसाच ओणवा राहिला. टिनेके त्याच्या बाजूला येऊन पलीकडे पाहू लागली. तिच्या भुवया वर गेल्या.

"खणा ना!" मागून कुणीतरी ओरडले. "खरी असेल तर बघू या!"

"नाही."

"आम्ही एवढ्या लांबून आलोय."

"आज काढली तर कच्ची निघेल," एली म्हणाला. "आतून पांढरी, वास ना चव. आणि एकदा हात लागला की पुढे वाढत नाही. नसली, तर तुमचं काही चुकत नाही. असली, तर मरेल."

"मग कळणार कधी?" टिनेकेने विचारले.

"जानेवारीत."

"जानेवारीत आम्ही नसतो."

"जानेवारीत इथे कुणीच नसतं, बाई. तिला तेच आवडतं."

नोएली पोळ्याचे भांडे घेऊन आली तेव्हा भाऊ तिच्याच कोंबड्यांच्या डब्यातले सातू मुठीत घेऊन भेगेपाशी बसला होता आणि तीस माणसे श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होती. इतकी शांतता कुठल्याच मंगळवारी झाली नव्हती. काय झाले ते तिला लीलच्या गृहस्थांनी सांगितले, थोडे मीठमसाला लावून.

पाहुणे गेल्यावर ती भांडी आपटीत म्हणाली, "सांगून टाकलंस तर! आता पुढच्या मंगळवारी घ्या बोंबलून."

"विचारलं त्यांनी."

"आणि ते तिथे काय आहे माहितेय का तुला? चीज! मियेतला बक्षीस म्हणून खिशातून चीजचे तुकडे देतोस ना तू, त्यातला एखादा पडला असेल. ऑगस्टात अळंबीला वास तरी असतो का रे?"

हा आक्षेप बिनतोड होता. पिकल्याखेरीज वास नाही, आणि वासाखेरीज कुत्री नाही. तेव्हा कुत्रीने नेमके काय हुंगले, याचा उलगडा एलीला त्या दिवशी झाला नाही आणि पुढेही कधी झाला नाही. तो एवढेच म्हणाला, "चीज असतं तर तिनं खाल्लं असतं."

नोएलीने भांडी आपटणे थांबवले. ती म्हणाली, "फुल्बेरला काय सांगणार?"

खरी अडचण ती होती. फुल्बेरला थांबवायचे, तर कारण द्यायला हवे. आणि खरे कारण फुल्बेरला सांगणे म्हणजे रविवारच्या आत ते साऱ्या खोऱ्याला सांगणे. मग एखाद्या सकाळी बांधाशी ताजी उकरलेली माती दिसली असती आणि परक्या कुत्र्याच्या पावलांचे ठसे. तीस अनोळखी माणसांना ती जागा कळली होती, त्याचे एलीला काही वाटले नाही. ती शनिवारी आपापल्या गाड्यांत बसून जायची होती. प्रश्न गावाचा होता.

दुसऱ्या दिवशी तो फुल्बेरच्या आवारात गेला.

"यंदा नको रे तोडायला."

"का बरं? शब्द दिलायस." फुल्बेर करवतीचे दाते घाशीत होता, त्याने मान वर केली नाही.

"पाठ दुखते."

"लाकडं मी तोडणार. पाठ तुझी कशी दुखते?"

"रचायची मला ना. पुढच्या वर्षी बघू."

फुल्बेरने आता वर पाहिले. एलीने आयुष्यभर सडका खणल्या होत्या. त्याच्या पाठीची तक्रार गावात कुणी ऐकली नव्हती. "पुढच्या वर्षी मी असेन की नाही कुणास ठाऊक," फुल्बेर म्हणाला. "माझी करवत लहरी आहे. आणि तुझी बहीण काय म्हणते? तिचं ते जांभळं?"

"तिचीही पाठ दुखते."

"घरालाच साथ आलेली दिसते!" असे म्हणून फुल्बेर पुन्हा दाते घासू लागला. परत येताना एलीच्या लक्षात आले की आपण चर्चच्या बाजूने, लांबच्या वाटेने घरी चाललो आहोत. त्याचे त्याला हसू आले. ते बापाचे हसू होते की स्वतःचे, हे सांगणे कठीण.

शरद ऋतू गेला. सातू उगवले, हिरवे पाते वर आले, पहिल्या कडाक्याने पिवळे पडून आडवे झाले, पण जागा दाखवीत राहिले. एली दिवसाआड मियेतला घेऊन तिथे जाई आणि ती काय करते ते पाही. डिसेंबरभर ती नुसती उभी राहून शेपटी हलवी. जानेवारीत एका सकाळी, जमीन वरून कडक आणि खाली मऊ असताना, तिने एकदाच पंजा मारला आणि वळून त्याच्याकडे पाहिले.

त्याने चमच्याने माती काढली, मग बोटांनी. अळंबी अक्रोडाएवढी होती; काळी, खरखरीत, थंड. एलीने तिच्याकडे फारसे न पाहता ती मांडीवर ठेवली. त्याला दुसरेच पाहायचे होते. आठ वर्षे त्याने स्वतःच्या हाताने अळंब्या पुरल्या होत्या, आणि पुरलेल्या वस्तूभोवतीची माती कशी असते हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते: भुसभुशीत, कुठलाच आकार न धरणारी. त्याने रिकाम्या खड्ड्यात तर्जनी घातली आणि कडेवरून हळू फिरवली. माती घट्ट होती. आणि तिच्यावर, उलट्या बाजूने, अळंबीच्या अंगावरचा प्रत्येक खरखरीत फोड उमटला होता.

ती इथेच वाढली होती. बादलीतल्या पाण्याने रुजली, नोएलीने टाकलेल्या सालींनी, की बापाचे ते न दाखवलेले झाड हेच होते, हे मात्र मातीने सांगितले नाही. एलीने तीच माती परत लोटून खड्डा बुजवला आणि वर वाळकी पाने पसरली. उठून दोन पावले मागे गेला, पुन्हा वाकून एक पान सरकवले.

परतताना चर्चपाशी फुल्बेर भेटला. एलीचा हात कोटाच्या खिशात होता, आणि तो वास खिशात राहणारा नव्हे. फुल्बेरने एकदा नाक वर केले, एकदा मियेतकडे पाहिले.

"कुठून?"

"जरा पाय मोकळे केले."

"हां," फुल्बेर म्हणाला. "पाठ बरी दिसते." आणि टोपीला हात लावून तो चालता झाला. त्यापुढे त्याने काही विचारले नाही. या गोष्टीत विचारायचे नसते, हे त्याला त्याच्या बापाने शिकवले होते.

नोएलीने लव्हेंडर दारापुढच्या चार कुंड्यांत लावले. पुढच्या जुलैपासून एली कार्यक्रमाच्या आरंभीच सांगू लागला, "या अळंब्या सकाळी मी पुरल्यात, कुठे, ते कुत्रीला ठाऊक नाही." टाळ्या पूर्वीइतक्याच पडल्या, आणि कान लाल होणे थांबले. सावलीसाठी पाहुण्यांना आता अलीकडच्या एका झाडाखाली नेण्यात येई. ऑगस्टातल्या एका मंगळवारी घोळक्यात टिनेकेही पुन्हा आली होती, मोठ्या पावलांत त्याच सपाता घालून.

"आणि ते टोकाचं मोठं झाड?" एका तरुणाने विचारले. "त्याची सावली जास्त आहे. तिथे का नाही जायचं? तिथे काही आहे?"

प्रश्न सरळ होता. एलीने त्या झाडाकडे पाहिले, बांधाकडे पाहिले.

"तिथे?" तो म्हणाला. "तिथे काही नाही."

त्याचे दोन्ही कान लालबुंद झाले. तरुण त्यांच्याकडे निरखून पाहू लागला. तेवढ्यात टिनेकेने डोक्यावरची टोपी सारखी केली, आभाळाकडे पाहिले आणि आपल्या अडखळत्या फ्रेंचमध्ये मोठ्याने म्हणाली, "आज ऊन फार आहे, नाही?"